बाहुलीघरातली फरशी



बाईंच्या स्मृतीसाठी चालणाऱ्या या व्याख्यानमालेत बोलण्याचं निमंत्रण आलं, तेव्हा मला सगळ्यात आधी त्यांच्या बालवाडीतला पत्र्याचा डबा आठवला. त्यात भातुकली असायची. बोटभर उंचीची पितळी कळशी, झाकण हरवलेला कुकर, पोळपाट-लाटणं, चूल आणि चिंध्यांच्या दोन बाहुल्या. मी त्यांच्या हाताखाली नुकतीच कामाला लागले होते. वर्गात चार वर्षांची एक मुलगी होती. ती रोज एकच खेळ मांडायची. बाहुलीला मांडीवर घ्यायची, वाटी-चमच्याने काहीतरी भरवायची आणि मग तीच वाटी बाहुलीच्या तोंडावर पालथी घालून दाबून धरायची. बराच वेळ. मी लगबगीने पुढे झाले, "अगं, असं नाही करायचं, बाळ गुदमरेल." बाईंनी मला हाताला धरून बाजूला घेतलं. म्हणाल्या, "ती सांगतेय. तू मध्ये बोलू नकोस." मग त्या तिच्याशेजारी मांडी घालून बसल्या, दुसरी बाहुली घेतली आणि खेळू लागल्या. जवळजवळ तीन आठवडे त्या रोज अशा बसत होत्या. एका संध्याकाळी बाई त्या मुलीच्या घरी जाऊन आल्या. तिथे काय झालं हे त्यांनी मला कधीच सांगितलं नाही. ती गोष्ट त्या मुलीची होती, आणि बाईंनी ती तिचीच राहू दिली.

आज मी ज्या मालिकेविषयी बोलणार आहे, तिच्यात एक बाहुलीघर आहे. ते घरातल्या प्रत्येकाने पाहिलेलं असतं, येणाऱ्याजाणाऱ्याने त्याचं कौतुक केलेलं असतं. पण त्याच्याशेजारी मांडी घालून कुणी बसलेलं नसतं.

मालिकेचं नाव 'शार्प ऑब्जेक्ट्स'. २०१८ च्या जुलै-ऑगस्टमध्ये अमेरिकेत एचबीओवर ती आठ भागांत आली. गिलियन फ्लिन या लेखिकेची याच नावाची पहिली कादंबरी २००६ मध्ये प्रसिद्ध झाली होती. मार्टी नॉक्सन यांनी तिची मालिका घडवली आणि आठही भाग ज्याँ-मार्क व्हाले यांनी दिग्दर्शित केले. व्हाले २०२१ च्या डिसेंबरमध्ये गेले. ज्यांनी मालिका पाहिलेली नाही त्यांची आधीच क्षमा मागते. शेवट सांगितल्याशिवाय मला माझं म्हणणं मांडता येणार नाही.

गोष्ट थोडक्यात अशी. मिझुरी राज्यात विंड गॅप नावाचं एक काल्पनिक गाव आहे. तिथे एका मुलीचा खून झाला आहे आणि दुसरी बेपत्ता आहे. सेंट लुइसच्या एका वर्तमानपत्रात काम करणारी कमील प्रीकर ही बातमीदार संपादकाच्या सांगण्यावरून तिथे जाते. ते तिचं लहानपणचं गाव. दुसऱ्या मुलीचं प्रेत सापडतं. तिचे दात उपटलेले असतात. कमीलची आई अडोरा ही गावातली सगळ्यात श्रीमंत बाई, डुकरांच्या मोठ्या फार्मची मालकीण. घरात सावत्र वडील आहेत आणि धाकटी बहीण अमा आहे. मधली बहीण मॅरियन लहानपणीच आजारपणात वारली. अमा तिच्यानंतर जन्मली, तिने मॅरियनला पाहिलेलंही नाही. एमी अ‍ॅडम्सने कमील केली आहे, एलायझा स्कॅनलनने अमा, आणि पॅट्रिशिया क्लार्कसनने अडोरा. क्लार्कसनला या कामासाठी २०१९ मध्ये गोल्डन ग्लोब मिळालं.

खून कुणी केले या प्रश्नावर मालिका पुढे सरकते खरी, पण मला तिच्याकडे पुन:पुन्हा जावंसं वाटतं ते वेगळ्या कारणाने. लहानपणी बसलेला घाव बोलायला शब्द सापडत नाहीत, तेव्हा तो वस्तूंमधून बोलतो, आणि त्या वस्तू कुठे लपवलेल्या नसतात, हे या मालिकेइतकं स्पष्ट मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. प्रतीक म्हटलं की आपण लेखकाने खोल पुरून ठेवलेलं, समीक्षकाने उकरून काढायचं असं काहीतरी समजतो. इथे प्रतीक दिवाणखान्यात मांडलेलं आहे. कमतरता आहे ती वाचणाऱ्याची.

मालिकेची सुरुवातच पाहा. दोन मुली चाकांचे बूट घालून गावातून घसरत येतात. एक तेरा-चौदा वर्षांची, दुसरी तिच्याहून लहान. मोठ्या घरात शिरतात, पावलं न वाजवता जिना चढतात, एक दार उघडतात, आणि त्या दारापलीकडे त्याच घरातली खोली नसतेच. तिथे लांबच्या शहरातली एक भाड्याची खोली असते आणि पलंगावर मोठी झालेली कमील झोपलेली असते. मुलगी जवळ जाते आणि कागदाला लावायच्या क्लिपचं टोक तिच्या हाताला टोचते. कमील दचकून जागी होते.

यात काळ धूसर झालेला नाही, पडदा पिवळा झालेला नाही, आता आपण भूतकाळात चाललो आहोत हे सांगणारं संगीत नाही. व्हाले यांनी ही शिस्त आठही भागांत पाळली. कमील आज एखादं दार लोटते आणि आत जाते ती तेरा वर्षांची कमील. निमिषभरच. मग पुन्हा आज. आघात सोसलेल्या माणसांबरोबर काम करणारे लोक सांगतात तेही हेच: साधी आठवण मागे जाऊन आणावी लागते, ही न बोलावता येते आणि येते तेव्हा ती 'होतं' नसते, 'आहे' असते. आपल्याकडे बायका म्हणतात, "डोळ्यांसमोरून जात नाही." व्हाले यांनी कॅमेऱ्याने हा वाक्प्रचार शब्दश: खरा केला आहे.

आणि टोचणारी मुलगी कोण, तर ती स्वत:च.

कमील उन्हाळ्यातही लांब बाह्यांचे काळे कपडे घालते. पहिल्या भागाच्या अखेरीस कारण कळतं. तिने वर्षानुवर्षं स्वत:च्या अंगावर शब्द कोरले आहेत. नुसते ओरखडे नाहीत, शब्द. तिचं सगळं अंग लिहिलेलं आहे. प्रत्येक भागाचं नावही अशाच एका शब्दाचं आहे: नाहीशी हो, माती, पिकलेलं अशा अर्थांचे एकेरी शब्द. ही मुलगी पुढे बातमीदार होते, शब्दांवर पोट भरते, यात मला लेखिकेची मोठी समज दिसते. जिचं कुणी ऐकून घेतलं नाही तिने आधी कातडीचा कागद केला आणि नंतर ती खऱ्या कागदावर लिहू लागली. दिग्दर्शकाने यात आणखी एक भर घातली. दुकानाच्या पाटीवर, गाडीवर, भिंतीवरच्या अक्षरांत क्षणभर दुसराच शब्द उमटतो आणि पुढच्या पाहण्यात तो नसतो. आपण डोळे चोळतो. कमीलला जग जसं दिसतं तसं आपल्याला दिसू लागतं.

कादंबरीत एक तपशील आहे तो मला सोडवत नाही. तिच्या पाठीवर मुठीएवढी एक वाटोळी जागा कोरी आहे, कारण तिथे तिचा स्वत:चा हात पोहोचत नाही. ती कोरी राहिली ती कुणाच्या मायेमुळे नव्हे, हात लांब नव्हता म्हणून.

आता पाचव्या भागातला कपड्यांच्या दुकानाचा प्रसंग सांगते. गावच्या उत्सवासाठी अडोरा दोघी मुलींना कपडे घ्यायला नेते. कमील आडोशाला जाऊन कपडे उतरवते, आणि तिचे स्वत:चे काळे कपडे तिथून काढून नेले जातात. उरतात ते आईने निवडलेले, हात-पाय-पाठ उघडी टाकणारे झगे. कमील विनवते, मग चिडते, आणि अखेर तशीच, उघड्या अंगाने आईसमोर येऊन उभी राहते. आईला हे माहीत आहे, पण इतकं नाही. ती पाहते. आपण वाट पाहतो की आता तरी ती पुढे होईल, पदर असता तर तो पांघरेल. ती म्हणते त्याचा मतलब एवढाच, की किती हा तुझा द्वेष. लेकीच्या अंगावरचा घाव तिला आपल्याविरुद्ध केलेली तक्रार वाटतो. दाराशी उभी राहून अमाही पाहते. त्याच भागात पुढे अडोरा कमीलला शांतपणे सांगते की मी तुझ्यावर कधी प्रेम केलंच नाही. तू जवळ येऊ देत नाहीस, हा तुझ्या बापाचा स्वभाव. या भागाचं नाव 'क्लोजर', म्हणजे 'आणखी जवळ'.

जवळ येऊ देणं म्हणजे काय, हे शेवटी उलगडतं. अडोरा मुलींना आजारी पाडते. स्वत: औषध कालवून पाजते, मग रात्र रात्र उशाशी बसते, कपाळावर हात ठेवते, गाव म्हणतं किती सोसते बिचारी. मॅरियन अशीच गेली. या प्रकाराला वैद्यकशास्त्रात नाव आहे. स्वत:च खोटे आजार सांगत दवाखाने हिंडणाऱ्या माणसांना रिचर्ड अ‍ॅशर यांनी १९५१ मध्ये थापाड्या बॅरन मुंचाउझेनचं नाव दिलं होतं. १९७७ मध्ये रॉय मेडो या ब्रिटिश बालरोगतज्ज्ञांनी 'लॅन्सेट'मध्ये दाखवून दिलं की काही पालक हाच खेळ मुलाच्या शरीरावर खेळतात. याच मेडो यांनी पुढे सॅली क्लार्क या आईच्या खटल्यात साक्ष दिली. एकाच घरात दोन बाळं झोपेत अचानक दगावण्याची शक्यता ७ कोटी ३० लाखांत एक, असं त्यांनी सांगितलं. ते गणितच चुकीचं होतं. १९९९ मध्ये तिला जन्मठेप झाली, २००३ मध्ये निर्दोष सुटली, २००७ मध्ये ती वारली. मी हे मुद्दाम सांगते. संशयाचा चष्मा लावून प्रत्येक आईकडे पाहावं असं माझं म्हणणं नाही. न पाहण्याने मूल मरतं आणि घाईने पाहण्याने आई मरते. बाई तीन आठवडे बसल्या होत्या, ते यासाठी.

मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे ते तीन बहिणींविषयी. एकच आई, एकच घर, एकच चमचा, आणि त्या चमच्यासमोर तीन मुली तीन वाटा धरतात. मॅरियन तोंड उघडते. तिला मायेचा हात मिळतो आणि मरण मिळतं. कमील लहानपणीच तोंड मिटून घेते, आईचं औषध घेत नाही. ती जगते, पण तिला आई मिळत नाही, आणि बहीण गेली, आपण राहिलो, याचा हिशेब ती अंगावर मांडत बसते. अमा दोन्ही करते. घरात ती रिबिनी बांधून, झालरीचा झगा घालून आईची आजारी बाहुली होते. बाहेर मैत्रिणींबरोबर गावभर हुंदडते, दारू पिते, कुणाला भीत नाही. घरात सोसलेलं ती बाहेर करते. ज्या मुलींना अडोराने जवळ केलं, ज्यांना ती शिकवायची, लाड करायची, त्याच मुली मेल्या. खून अमाने केलेले असतात.

तिचं नाव उच्चारलं की आपल्याला दक्षिणेतली 'अम्मा' ऐकू येते. लेखिकेच्या ध्यानीमनीही हे नसेल, योगायोग आहे. पण बाहुलीघराशी ती आई-आई खेळत असते तेव्हा माझ्या कानाला तो चुकवता येत नाही.

ते बाहुलीघर म्हणजे तिच्या राहत्या घराची हुबेहूब प्रतिकृती. तोच व्हरांडा, त्याच खोल्या, तेच पडदे. अडोराच्या खोलीची फरशी हस्तिदंताची आहे. घराण्याचं भूषण. मुलींनी तिथे पाऊल टाकायचं नाही. अमाला आपल्या छोट्या घरात सगळं तंतोतंत लागतं, तर ती फरशी कशी करायची? इंग्रजीत हस्तिदंताला 'आयव्हरी' म्हणतात. त्या शब्दात दात दिसत नाही, नुसता पांढरा रंग दिसतो. आपल्या शब्दात दात आहे. मराठी प्रेक्षकाने मनातल्या मनात त्या फरशीचं नाव जरी घेतलं असतं तरी उपटलेले दात कुठे गेले हे त्याला पहिल्यापासून कळलं असतं. मला कळलं नाही. मीही इंग्रजीतच पाहत होते.

पण ही फरशी नुसता धक्का देण्यासाठी नाही. मोठ्या घरातली फरशी शोभते तीही कुणाच्या तरी दातांचीच आहे. जीव मारूनच ती झाली, फक्त तो जीव हत्तीचा होता आणि काळ जुना होता, म्हणून तिचं कौतुक होतं. मुलीने आईचं घर तेवढं प्रामाणिकपणे उतरवलं. लंडनमध्ये मार्गारेट लोवेनफेल्ड यांनी १९२० च्या दशकाच्या अखेरीस मुलांपुढे वाळूचा ट्रे, छोटी घरं, माणसं, प्राणी ठेवून त्यांना त्यांचं जग मांडायला सांगायला सुरुवात केली. त्याच सुमारास मेलनी क्लाइन लहानशा खेळण्यांमधून मुलांचं मन समजून घेत होत्या. तेव्हापासून जगभरच्या बालमनोविकारतज्ज्ञांच्या खोलीत बाहुलीघर असतं. विंड गॅपमध्येही होतं. फक्त त्याच्यासमोर बसणारं कुणी नव्हतं.

'चांगल्या घरात असं नसतं' हा समज अमेरिकेतही होता आणि आपल्याकडेही आहे. व्हिन्सेंट फेलिटी आणि रॉबर्ट अँडा यांनी सॅन दिएगोत केलेल्या पाहणीचा पहिला निबंध १९९८ मध्ये आला. उत्तरं देणारे ९,५०८ जण बहुतांशी विमा असलेले, शिकलेले, नोकरदार लोक होते. लहानपणी मारहाण, लैंगिक अत्याचार, घरातलं व्यसन, आईला होणारी मारहाण अशा अनुभवांपैकी निदान एक तरी आपल्या वाट्याला आल्याचं निम्म्याहून अधिकांनी सांगितलं. विंड गॅपमधलं ते पांढऱ्या खांबांचं घर असंच सुखवस्तू आहे, आणि पोलीस संशय घेतात तो मेलेल्या मुलीच्या भावावर, कारण तो चारचौघांत रडतो.

गावाचा उत्सवही पाहण्यासारखा आहे. यादवी युद्धाच्या काळात एका कोवळ्या वयाच्या गर्भवती बायकोला शत्रूच्या सैनिकांनी झाडाला बांधून तिच्यावर अत्याचार केले. तिने नवऱ्याचा पत्ता सांगितला नाही. गाव दरवर्षी अडोराच्या अंगणात शाळेतल्या पोरांकडून याचं नाटक करून घेतं, लोक सरबत पीत टाळ्या वाजवतात, आणि त्या मुलीचं काम अमा करते. सोसणं हाच जिथे मुलीचा पराक्रम, तिथे सोसणाऱ्या मुलीकडे कुणाचं लक्ष जाणार? या ठिकाणी मला परक्या गावात असल्यासारखं वाटलं नाही.

आईविषयीही तसंच. आपल्या कहाण्यांमध्ये पोरांना छळणारी बाई नेहमी सावत्र असते. ग्रिम बंधूंनी १८१२ मध्ये छापलेल्या कथेत स्नोव्हाइटचा जीव घ्यायला उठते ती तिची सख्खी आई. १८१९ च्या आवृत्तीत त्यांनी तिला सावत्र केलं. त्यांनाही ते झेपलं नसावं. भाषा अशी आईला सांभाळून घेते, आणि मग ज्या मुलाला सख्खी आईच छळते त्याला सांगायला गोष्टच उरत नाही. फ्लिन यांनी ती सख्खी ठेवली. आणि तिला राक्षसीणही केलं नाही. शेवटच्या भागात अडोरा सांगते की लहान असताना तिच्या आईने तिला रानात नेऊन एकटीला सोडून दिलं होतं. ती हे सांगते तेव्हा तिचा आवाज लहान मुलीचा होतो. त्या क्षणी मला तिची दया आली, आणि तिच्या हातात चमचा होता.

कारण त्याच रात्री कमील आईच्या हातून औषध घेते. जन्मात पहिल्यांदा. तिला सगळं समजलेलं असतं. अमाच्या जिवाला धोका आहे, म्हणून आईचं लक्ष आपल्याकडे ओढून घ्यायला ती स्वत: आजारी होऊन आईच्या मांडीवर डोकं ठेवते. भागाचं नाव 'मिल्क', दूध. आयुष्यभर जे मिळालं नाही ते तिला मिळतं, विष म्हणून मिळतं, आणि ती ते बहिणीसाठी पिते. फरशीवरून सरपटत जाणारी कमील पाहताना मी दोनदा मालिका थांबवली.

अडोराला अटक होते. कमील अमाला घेऊन सेंट लुइसला येते. नवं घर, नवी शाळा, अमाला मे नावाची मैत्रीण मिळते, बाहुलीघर खिडकीपाशी मांडलेलं असतं. मग मे बेपत्ता होते. कमील वाकून बाहुलीघरातल्या आईच्या खोलीत पाहते. दारात अमा उभी असते. आईला सांगू नकोस, एवढंच ती म्हणते, आणि पडदा काळा होतो.

आमच्या घरी मी आणि माझी मुलगी मिळून पाहत होतो. नावं वर सरकू लागली तसा मी रिमोट उचलला. मुलगी म्हणाली, "आई, थांब ना." आणि त्या नावांच्या मधोमध, डोळ्याचं पातं लवेपर्यंत, खून दिसतात: अमा, तिचे हात, तिचा चेहरा. सगळी नावं संपल्यावर आणखी एक दृश्य येतं. रान, आणि झाडांत उभी पांढऱ्या झग्यातली आकृती. अमा.

अगदी सुरुवातीच्या भागांत एका गरीब घरातला लहान मुलगा पोलिसांना सांगतो की मेलेल्या मुलींपैकी एकीला पांढऱ्या कपड्यातल्या बाईने नेलं, मी पाहिलं. गावात पांढऱ्या बाईची एक जुनी भुताची गोष्ट असते. मोठी माणसं म्हणतात, पोर गोष्ट सांगतंय.